काचेच्या मण्याचा डोळा कसा झाला

सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वेला, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, वोल्खोव नदीच्या काठी स्ताराया लादोगा नावाचं जुनं गाव आहे. तिथे गेलेल्या एका इतिवृत्तकाराने इ. स. १११४च्या नोंदीत स्वतः पाहिलेली, ऐकलेली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लादोगाच्या लोकांनी त्याला सांगितलं की मोठं आभाळ येऊन कोसळून गेलं की आमच्या पोरांना इथे काचेचे मणी सापडतात. काही लहान, काही मोठे, सगळे आरपार भोक पाडलेले. काही तर वोल्खोवचं पाणीच धुऊन वर काढतं. त्यातले शंभराहून जास्त मणी इतिवृत्तकाराने स्वतः घेतले. त्याला नवल वाटलं, तर गावकरी म्हणाले, यात काय नवल? पार उत्तरेकडे ढगांतून नुकत्या जन्मलेल्या खारी पडतात आणि मोठ्या होऊन रानभर पांगतात.

खारींचं सोडून देऊ. मणी मात्र खरे होते. लादोगाच्या मातीत पुरातत्त्वज्ञांना असे काचेचे मणी मोठ्या संख्येने मिळाले आहेत. पावसाने माती धुपली की ते वर येत, एवढाच त्यातला चमत्कार. आपल्या कामाचा आहे तो इतिवृत्तकाराने या मण्यांसाठी वापरलेला शब्द: ‘ग्लाझ्की’.

आजच्या रशियन वाचकाला हे वाक्य चमत्कारिक वाटतं, कारण त्याच्या भाषेत ‘ग्लाझ’ म्हणजे डोळा (यातला झ ‘माझा’मधला) आणि ‘ग्लाझ्की’ म्हणजे चिमुकले डोळे. वादळानंतर पोरांना काचेचे डोळे सापडतात, असं काहीतरी तो वाचतो. पण लादोगाची ती पोरं स्वतःच्या डोळ्याला ‘ग्लाझ’ म्हणत नसत. ती ‘ओको’ म्हणत. पोलंडपासून बल्गेरियापर्यंत सगळे स्लाव्ह लोक तेव्हा तसंच म्हणत आणि रशियन सोडले तर आजही तसंच म्हणतात. पुढच्या काही शतकांत मण्याचा शब्द रशियन चेहऱ्यावर चढला आणि डोळ्याचा हजारो वर्षांचा शब्द तिथून उतरला. उतरून तो कुठे गेला, हे या गोष्टीतलं सर्वांत सुंदर प्रकरण आहे. ते मराठी माणसाला लवकर उमगेल असं मला वाटतं, कारण आपल्या भाषेतही अगदी हेच घडलेलं आहे.

ओको आणि अक्षि

आधी जुना शब्द पाहू. पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन, सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन, मॅसेडोनियन, युक्रेनियन या सगळ्या भाषांत डोळा म्हणजे ‘ओको’. बेलारूसमध्ये ‘वोका’ म्हणतात. जर्मनीच्या पूर्व टोकाला सोर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज आहे, त्यांच्यात ‘वोको’. एवढ्या मोठ्या प्रदेशात शब्द इतका कमी बदललेला दिसला की समजावं, तो या भाषा एकमेकींपासून वेगळ्या होण्याच्या आधीचा आहे.

खरं तर तो त्याहूनही खूप जुना आहे. शेजारच्या लिथुआनियन भाषेत डोळा म्हणजे ‘अकिस’, लॅटिनमध्ये ‘ओकुलुस’, संस्कृतात ‘अक्षि’. हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. रशियाच्या गवताळ प्रदेशापासून भारतापर्यंत आणि अटलांटिकपर्यंत पसरलेल्या इंडो-युरोपीय कुळाचा हा घरचा शब्द.

‘ओको’ आणि ‘अक्षि’ ऐकायला इतके वेगळे का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन साध्या सवयींमध्ये आहे. मूळ भाषेत अ, ए आणि ओ असे तीन ऱ्हस्व स्वर होते. संस्कृतच्या वाटेवर हे तिन्ही एका ‘अ’मध्ये विरघळले. स्लाव्हिकच्या वाटेवर अ आणि ओ एकत्र येऊन ‘ओ’ झाले. म्हणून जिथे स्लाव्हिकमध्ये ‘ओ’ दिसतो तिथे संस्कृतात ‘अ’ सापडण्याची शक्यता फार. मेंढीला स्लाव्हिकमध्ये ‘ओव्त्सा’, संस्कृतात ‘अवि’. घराला तिकडे ‘दोम’, वेदांत ‘दम’. रात्रीला तिकडे ‘नोच’, इकडे ‘नक्त’. एकदा ही जोडी कळली की ओको-अक्षिमधला पहिला स्वर आपोआप जुळतो. दुसरी गोष्ट ‘क्ष’ची. त्यातला क् हाच मूळ शब्दातला क्, त्याला पुढे एक स् येऊन चिकटला आणि दोघांचा ‘क्ष’ झाला. तो स् काढून पाहिलं की उरतं ‘अक्’, आणि समोर ‘ओक्’.

ओकोचं अनेकवचन ‘ओची’. क चा च का झाला? यासाठी मराठी माणसाला पुस्तक उघडायची गरज नाही. ‘चाक’ म्हणून पाहा, मग ‘चिमणी’ म्हणून पाहा. लिहिताना च एकच, पण चाकातला दातांजवळचा आणि चिमणीतला टाळूजवळचा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या झ चंही तेच. ‘इ’ हा स्वर जिभेला टाळूकडे खेचतो आणि आधीचं व्यंजन तिच्यासोबत सरकतं. आपल्या तोंडात हे रोज घडतं. जुन्या स्लाव्हिकमध्ये ही ओढ इतकी जोरदार होती की ‘इ’समोर आलेला ‘क’ थेट ‘च’ झाला. ओको, पण ओची.

दोनच असतात म्हणून

‘ओची’ला मी वर अनेकवचन म्हटलं. आजच्या व्याकरणात ते बरोबर आहे, पण जन्माने ते द्विवचन आहे. शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्यांना द्विवचन म्हणजे काय हे सांगायला नको. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव्ह लोकांसाठी धर्मग्रंथ भाषांतरित केले, त्या भाषेत संस्कृतासारखंच एक, दोन आणि अनेक असं तिहेरी व्याकरण जिवंत होतं. तिथे ‘ओची’ म्हणजे नेमके दोन डोळे. वेदांतलं ‘अक्षी’ (दीर्घ ई) हेही नेमके दोन डोळे.

पुढे बहुतेक स्लाव्ह भाषांतून द्विवचन गेलं. पण डोळे, कान, हात हे अवयव जोडीनेच येतात. त्यांची द्विवचनी रूपं इतकी रोजच्या वापरातली होती की ती हलली नाहीत, फक्त त्यांना अनेकवचन म्हणू लागले. यातून पोलिश भाषेत फार छान भेद तयार झाला. माणसाचे डोळे म्हणजे ‘ओची’ या जुन्या द्विवचनाचंच रूप. पण जाळ्याची भोकं, किंवा रविवारच्या कोंबडीच्या सूपवर तरंगणारे तुपकट गोल, यांना म्हणायचं ‘ओका’. हे साधं नियमित अनेकवचन, कारण ते कितीही असू शकतात. आपण रश्श्यावर तर्री आली म्हणतो, पोलिश माणूस सूपवर डोळे आले म्हणतो, पण चेहऱ्यावरच्या डोळ्यांचं अनेकवचन तो त्यांना देत नाही. चेक भाषेतही अगदी असाच फरक आहे.

चेक लोक खासगीत बोलायचं असेल तर ‘चार डोळ्यांत’ बोलू म्हणतात, आणि त्या वाक्प्रचारात ‘चार’ आणि ‘डोळे’ या दोन्ही शब्दांना अजून द्विवचनाची शेपटी आहे. पोलिशमध्येही ‘चार डोळ्यांत’च बोलतात. आपल्याकडे हाच हिशेब कानांनी होतो. गोष्ट ‘षट्कर्णी’ झाली, म्हणजे तिसऱ्या माणसापर्यंत गेली, म्हणजे फुटली. त्यांच्याकडे चार डोळे ही गुपिताची हद्द, आपल्याकडे चार कान.

स्लोव्हेन भाषेचा इथे उल्लेख करायलाच हवा, कारण तिने आजही द्विवचन सांभाळलं आहे. दोन माणसं, दोन सफरचंदं, दोन दिवस, सगळ्याला वेगळी रूपं. आणि तरी ‘माझे डोळे दुखतात’, ‘माझे पाय दुखतात’ असं म्हणताना स्लोव्हेन माणूस सहसा अनेकवचनच वापरतो. दोन असतात हे ठाऊकच आहे, मग मोजून कशाला सांगायचं? ‘दोन्ही’ यावर जोर द्यायचा असेल तरच द्विवचन येतं.

मग रशियनमध्ये काय झालं

सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास रशियन बोलण्यात ‘ग्लाझ’ हा शब्द डोळ्यासाठी रुळलेला दिसतो. त्याआधी तो गोल, गुळगुळीत, चकाकणाऱ्या वस्तूचा शब्द होता, लादोगाच्या मण्यांसारख्या. तो तिथे कुठून आला यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत.

एक मत पोलिश भाषेकडे बोट दाखवतं. तिथे हाच शब्द (उच्चार साधारण ‘ग्वास’, कारण त्यांचा एक ल ‘व’सारखा बोलला जातो) आजही आहे आणि त्याचा अर्थ आहे मोठा दगड, शिळा. म्हणजे गुळगुळीत दगड, गोटा, मग गोटी, मग मणी, मग बुबुळ, अशी साखळी. दुसरं मत सांगतं की हा शब्द जर्मानिक लोकांकडून आला आणि त्याचं नातं जर्मन ‘ग्लास’, इंग्रजी ‘ग्लास’ म्हणजे काच या शब्दाशी आहे. या मताच्या मागे एक देखणा इतिहास उभा आहे. रोमन लेखक टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलं आहे की बाल्टिक किनाऱ्यावरचे लोक समुद्रातून अंबर (झाडाच्या चिकाचा कठीण झालेला पिवळसर खडा) गोळा करतात आणि त्याला ‘ग्लेसुम’ म्हणतात. चमकणारं, पारदर्शक अंबर आणि चमकणारी, पारदर्शक काच, दोघांना एकच नाव असावं यात आश्चर्य नाही. लादोगा हे तर स्कँडिनेव्हियन व्यापाऱ्यांचं ठाणंच होतं. काचेच्या मण्यांना तेव्हा भाव होता. इ. स. ९२२मध्ये व्होल्गाकाठी उत्तरेकडून आलेल्या रूस व्यापाऱ्यांना भेटलेल्या अहमद इब्न फदलान या अरब प्रवाशाने लिहिलं आहे की हे लोक हिरव्या मण्यांसाठी वेडे असतात, एका मण्याला एक दिरहम म्हणजे चांदीचं नाणं मोजतात.

मला व्यक्तिशः दगडाची वाट जास्त पटते, कारण पोलिशमध्ये काचेचा मागमूस नसलेला नुसता दगड कसा उरला याचं उत्तर दुसऱ्या मताला अवघड जातं. पण दोन्ही मतांमध्ये शेवटचा टप्पा एकच आहे: गोल चकाकती गोळी, आणि तिच्यावरून डोळा. तो टप्पा कुणीच नाकारत नाही.

हे शब्द जुळवण्याचं काम किती कष्टाचं असतं याची एक आठवण इथे सांगावीशी वाटते. रशियन शब्दांच्या मुळांचा सर्वांत प्रसिद्ध कोश माक्स फास्मर यांचा. जन्म १८८६, सेंट पीटर्सबर्गमधल्या जर्मन कुटुंबातला. पुढे ते बर्लिनला प्राध्यापक झाले. वर्षानुवर्षं जमवलेली त्यांची टिपणं आणि ग्रंथसंग्रह जानेवारी १९४४च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि १९५० ते १९५८ या काळात तीन खंडांचा कोश छापून पूर्ण झाला. आज ‘ग्लाझ’सारख्या शब्दावर कुणी काहीही लिहायला बसलं की पहिलं पान तेच उघडावं लागतं.

गोळीचा डोळा होतो तरी कसा? रागात, थट्टेत आपण अवयवांना दुसरी नावं देतो. तोंडाला थोबाड म्हणतो, पायाला तंगडी, डोक्याला टाळकं. सुरुवातीला त्यात झोंबणारा जोर असतो. वापरून वापरून तो बोथट होतो, आणि एक पिढी अशी येते की तिला तो शब्द साधाच वाटतो. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं, खापर. फ्रेंचमध्ये तेच झालं ‘तेत’, म्हणजे डोकं, आणि त्यात आता कसलीही टवाळी उरलेली नाही. जर्मन ‘कोप्फ’ म्हणजे डोकं, पण पूर्वी त्याचा अर्थ पेला, वाटी. रशियन लोक आजही चिडले की डोळ्यांना ‘शारी’ म्हणजे गोळे म्हणतात. ‘गोळे वर काढ आणि बघ नीट!’ ‘ग्लाझ’ने केलेला प्रवास पुन्हा कुणीतरी करायला निघालेलं आहे.

आणखी एक बारकावा. ‘ग्लाझ’चं अनेकवचन ‘ग्लाझा’. रशियन पुल्लिंगी नामांना एरवी ‘ई’सारखं टोक लागतं, हे ‘आ’ वेगळं आहे. ते शिंगं, बाजू अशा जोडीने येणाऱ्या गोष्टींनाही लागतं, कारण ते पुल्लिंगी नामांचं जुनं द्विवचन आहे. म्हणजे नवा शब्द चेहऱ्यावर आला तेव्हा त्यानेही जोडीचाच पोशाख घातला.

बाजूला सरलेला ओको

आता माझा आवडता भाग. रोजच्या बोलण्यातून ‘ओको’ गेला, पण त्याच्यापासून तयार झालेले शब्द गेले नाहीत. ते इतके घट्ट बसलेले होते की बोलणाऱ्याला त्यांत डोळा आहे याचं भानही राहिलं नाही.

खिडकीला रशियनमध्ये ‘ओक्नो’ म्हणतात. ओकोपासूनच, घराचा डोळा. युक्रेनियनमध्ये ‘विक्नो’, पोलिश आणि चेकमध्येही ‘ओक्नो’. आता आपला ‘गवाक्ष’ आठवा. गो आणि अक्ष, गाईचा डोळा. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत खिडकी म्हणजे ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा, आणि त्यापासूनच इंग्रजी ‘विंडो’. भिंतीतल्या भोकाकडे पाहून तिन्ही ठिकाणच्या माणसांना डोळाच आठवला. सर्बियन भाषेत मात्र ‘ओक्नो’ जमिनीत गेला. तिथे त्याचा अर्थ खाणीचा उभा बोगदा. रुमानियन लोकांनी स्लाव्ह शेजाऱ्यांकडून तो शब्द घेऊन मिठाच्या खाणीला ‘ओक्ना’ नाव दिलं, म्हणून त्या देशात ‘ओक्ना’ने सुरू होणारी गावं आहेत.

चष्म्याला रशियनमध्ये ‘ओच्की’. हा सरळ आहे. पण पुढची जोडी पाहा.

रशियन ‘झा’ म्हणजे मागे, पलीकडे. ‘झाओच्नी’ म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचं. न्यायालयात प्रतिवादी हजर नसताना दिलेला निकाल ‘झाओच्नी’. वर्गात न जाता घरी बसून पूर्ण केलेला पदवीचा अभ्यासही ‘झाओच्नी’. आणि आपण काय म्हणतो? परोक्ष. परस् आणि अक्ष, डोळ्याच्या पलीकडे. ‘माझ्या परोक्ष हे ठरलं’ या मराठी वाक्यातला ‘परोक्ष’ आणि रशियन ‘झाओच्नो’ एकमेकांचे शब्दशः जुळे आहेत, मुळातला डोळासुद्धा एकच. (जाता जाता: पुष्कळजण गैरहजेरीत म्हणायचं असताना ‘अपरोक्ष’ म्हणतात. त्या ‘अ’ने अर्थ उलटा होतो. अपरोक्ष म्हणजे समोरचं, थेट अनुभवलेलं.)

स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं म्हणजे रशियनमध्ये ‘वोओचियू’, आपल्याकडे ‘प्रत्यक्ष’. पोलीस तपासात दोघांना समोरासमोर बसवून त्यांचे जबाब पडताळतात, त्याला तिकडे ‘ओच्नाया स्ताव्का’, आपण म्हणू ‘समक्ष’ उभं करणं. घटना पाहणारा तिकडे ‘ओचेवीदेत्स’, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला. आपल्याकडे ‘साक्षी’, डोळ्यासह असलेला, आणि त्याने दिलेली ती साक्ष. सत्र न्यायालयात रोज उच्चारला जाणारा हा शब्द पोटात डोळा बाळगून आहे हे किती वकिलांच्या लक्षात येत असेल! बाकी ‘अक्षर’मध्ये मात्र डोळा शोधू नये. तिथे अ-क्षर, न झिजणारं, अशी फोड आहे.

साक्षीवरून पुन्हा लादोगाला जावं लागतं. इतिवृत्तकाराला आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही अशी शंका होती, म्हणून त्याने लिहिलं की याला लादोगाचा नगरप्रमुख पावेल आणि सगळे लादोगावासी साक्षी आहेत. त्याने साक्षीसाठी वापरलेला शब्द ‘पोस्लुख’. हा ऐकण्यावरून आलेला, संस्कृत ‘श्रु’, आपलं ‘श्रवण’ यांचा नातलग. जुन्या रशियन कायद्यात ‘विदोक’ म्हणजे पाहिलेला आणि ‘पोस्लुख’ असे साक्षीदारांसाठी दोन शब्द होते.

देवळातली भाषा, घरातली भाषा

ओको स्वतःही पूर्ण मेला नाही. तो वर गेला. ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे बायबलमधलं वचन रशियन माणूस आजही ‘ओको’ वापरूनच म्हणतो. डोळ्यातल्या बाहुलीसारखं जपणं, पापणी लवण्याइतक्या क्षणात घडणं, अशा ठरलेल्या शब्दसमूहांत आणि कवितेत ‘ओको’, ‘ओची’ आहेत. प्रेयसीचे डोळे ‘ओची’ असतात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तपासायला नेलेले ‘ग्लाझा’.

याचं कारण चर्चची भाषा. रशियन लोक घरी रशियन बोलत आणि प्रार्थनेत सिरिल-मेथोडियसच्या परंपरेतली जुनी चर्च स्लाव्होनिक ऐकत. तिथे ओको होताच. त्यामुळे त्या शब्दाला धूप-दिव्याचा वास लागला. आपण नेत्रदान म्हणतो, डोळेदान म्हणत नाही, नयनरम्य म्हणतो, आणि ‘डोळ्यात केर गेला’च्या जागी ‘नेत्रात’ कधीच म्हणत नाही. तीच ही वाटणी. अठराव्या शतकाच्या मध्यावर कवी आणि शास्त्रज्ञ मिखाइल लोमोनोसोव यांनी रशियन लेखनाच्या उच्च, मध्यम आणि साध्या अशा तीन शैली सांगितल्या, त्यामागे असेच दुहेरी शब्द होते.

चर्चमुळेच ओको हटला, असं मात्र म्हणता येत नाही. सर्ब, बल्गेरियन, युक्रेनियन लोकांनीही तीच प्रार्थना ऐकली आणि त्यांच्या घरात ओको टिकला. चर्चने एवढंच केलं की रशियात हटलेल्या शब्दाला मानाची जागा दिली. रशियनमध्ये हे डोळ्यापुरतं थांबलंही नाही. कपाळाचा जुना शब्द ‘चेलो’ कवितेत गेला, त्याच्या जागी ‘लोब’ आला, जो आधी कवटीचा शब्द होता. तोंडाचा जुना शब्द ‘उस्ता’, त्याच्या जागी ‘रोत’ आला. तोच शब्द सर्बियनमध्ये समुद्रात घुसलेल्या भूशिराचा आहे, म्हणजे मूळ अर्थ टोक, चोच. बोटाचा जुना शब्द ‘पेर्स्त’ अंगठीत (‘पेर्स्तेन’) आणि शिवणकामाच्या टोपणात (‘नापेर्स्तोक’) लपून राहिला, बोट झालं ‘पालेत्स’. हाच ‘पालेत्स’ चेक माणसाला म्हणून पाहा, तो अंगठा दाखवेल.

आणि आपला डोळा

वर सांगितलेल्या प्रत्यक्ष, परोक्ष, समक्ष, साक्षी, गवाक्ष या शब्दांमध्ये अक्षि आहे. मीनाक्षी, कामाक्षी, विरूपाक्ष या नावांत आहे. पण आरशासमोर उभं राहून मराठी माणूस काय म्हणतो? डोळा. अक्षिचा सरळ वंशज हिंदीत ‘आँख’, पंजाबीत ‘अक्ख’, गुजरातीत ‘आंख’, ओडियात ‘आखि’ म्हणून सुखाने नांदतो आहे. मराठीत त्याची जागा डोळ्याने घेतली, कोंकणीत ‘दोळो’ने. प्राकृतात ‘डोल’ असा शब्द मिळतो, त्यावरून हा आला. ज्ञानेश्वरीत म्हणजे १२९०मध्ये डोळा पुरता स्थिरावलेला आहे. गुजरातीत ‘डोळो’ हा शब्द आजही आहे, पण तिथे तो डोळ्याच्या गोळ्यासाठी आहे, बटबटीत डोळ्यासाठी आहे. साध्या डोळ्याला ते आंखच म्हणतात. म्हणजे शेजारी भाषा जो शब्द खोबणीतल्या गोळ्यासाठी राखून ठेवते, तो आपण आणि कोंकणीने सरळ डोळ्यालाच दिला. लादोगाच्या मण्यापेक्षा ही वाट फार वेगळी नाही.

डोळ्याच्या आतही अशीच एक भेट होते. काळ्या बुबुळाच्या मधोमध समोरच्याचं छोटं प्रतिबिंब दिसतं. त्याला आपण बाहुली म्हणतो. संस्कृतात ‘कनीनिका’, छोटी मुलगी. लॅटिनमध्ये ‘पुपिल्ला’, तीही छोटी मुलगी, बाहुली. युक्रेनियनमध्ये म्हणतात ‘चोलोविचोक’, छोटा माणूस. डोळ्यात डोळा घालून इतक्या जवळून पाहिल्याशिवाय हा शब्द कुणाला सुचणार नाही. आई आणि मूल, किंवा दोन प्रेमिक, एवढ्याच अंतरावर तो जन्मला असणार.

स्वयंपाकघरात डोळा सगळीकडे आहे. फोडून तव्यावर तसंच सोडलेलं अंडं सर्बियनमध्ये ‘याये ना ओको’, चेकमध्ये ‘व्होल्स्के ओको’ म्हणजे बैलाचा डोळा, बल्गेरियात ‘डोळ्यांची अंडी’. रशियात तेच अंडं ‘ग्लाझून्या’ आहे. जुना शब्द जाऊन नवा आला, अंडं मात्र डोळ्यासारखंच दिसत राहिलं. बटाट्याला फुटणाऱ्या कोंबाच्या जागेला आपण डोळा म्हणतो, रशियन म्हणतात ‘ग्लाझोक’, ग्लाझचं लाडकं, छोटं रूप.

दाराबाहेर कोण उभं आहे ते पाहायला रशियातल्या सदनिकांच्या दारांना जे बसवलेलं असतं त्यालाही ‘ग्लाझोक’ म्हणतात. अनेकवचन ‘ग्लाझ्की’, इतिवृत्तकाराने १११४च्या नोंदीत लिहिलेला तोच शब्द. वस्तूही जवळजवळ तीच: काचेची, गोल, बोटाच्या टोकाएवढी, आणि लाकडातून आरपार गेलेली.